उसनी गेलेली माहिती: कुणाकडे आहे ते शोधायचं कसं, परत मागायची कशी

कोथरूडमध्ये आमच्या घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी गर्दी होती. दुकानदार म्हणाला, "काका, तुमची फाइल तुम्हीच शोधा, वरच असेल." संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच होतं. माझी फाइल वर नव्हती. शोधत खाली गेलो, तर आधार, पॅन, कुणाचं तरी डिस्चार्ज कार्ड, कुणाचा सातबारा, पगाराची स्लिप, एका मुलीची बारावीची गुणपत्रिका, परत आधार. तीन-चार दिवसांचा माल असेल. शेजारी उभ्या असलेल्या बाईंची ई-आधारची पीडीएफ उघडेना, तेव्हा दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "नाव आणि जन्मसाल सांगा." ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. हे कुठल्याही झेरॉक्सवाल्याला पाठ असतं. बाईंनी चारचौघांत, मोठ्याने सांगितलं.

दुकानदार सज्जन आहे. त्या कागदांशी त्याला काही देणंघेणं नाही, म्हणून तर ते तसेच पडलेत. आपली बहुतेक माहिती अशीच कुठे कुठे पडलेली असते: कुणी चोरलेली नसते, आपणच दिलेली असते आणि विसरलेलो असतो.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत आहे. पातेलं शेजारच्या मुंजीला गेलं तरी परत ओळखता यावं म्हणून. माहितीवर आपलं नाव आधीच कोरलेलं असतं, पण ती कुणाकडे गेली याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही. गेल्या वर्षी मी ती ठेवून पाहिली. तेव्हा जे कामाला आलं ते पुढे क्रमाने सांगतो. सगळं एका दिवसात करू नका, चार रविवार धरा.

पहिला रविवार: वही

साधी शाळेची वही घ्या. चार रकाने: कुणाला दिलं, काय दिलं, कशासाठी, कागदावर की मोबाइलवर. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे, का ते पुढे कायद्यापाशी येईलच.

आठवून लिहू नका, आठवणार नाही. फोनमधल्या मेसेजमध्ये 'ओटीपी' हा शब्द इंग्रजीत शोधा. ज्यांनी ज्यांनी कधी ओटीपी पाठवला, त्या प्रत्येकाकडे तुमचा नंबर आहे. मग ईमेलमध्ये 'वेलकम' आणि 'इनव्हॉइस' शोधा. माझ्या यादीत पहिल्याच बैठकीत सत्तरावर नावं निघाली. त्यात बंद पडलेलं एक भाजीचं अ‍ॅप होतं, एकदाच गाडी लावलेला मॉलचा वाहनतळ होता आणि भाचीच्या लग्नात फोटो वाटण्यासाठी घेतलेलं काहीतरी होतं, ज्यात आमच्या सगळ्यांचे चेहरे अजून आहेत.

मेसेज बघताना पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षरही बघा. आता तिथे आडव्या रेघेनंतर इंग्रजी 'पी' असेल तर ती जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे तुम्ही केलेला व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. 'पी'वाले ज्यांना तुम्ही ओळखत नाही, त्यांच्यापुढे वहीत फुली मारा. तुमचा नंबर हातोहात गेल्याची ती खूण आहे. १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत 'स्टार्ट ०' असा मेसेज केला की जाहिराती बंद होतात. त्यानंतरही कुणी पिडलं तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी अ‍ॅपवर तक्रार करता येते. शंभर टक्के शांतता मिळत नाही, पण माझ्याकडे दुपारची झोप परत आली.

दुसरा रविवार: आधार, सिम आणि कर्ज

हा भाग तातडीचा आहे. बाकीचं राहिलं तरी हे करा.

युआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 'माय आधार' संकेतस्थळावर जा आणि 'मास्क्ड' आधार उतरवून घ्या. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. हॉटेल, जिम, क्लास, सोसायटी, कुणीही झेरॉक्स मागितली तर हीच प्रत द्यायची. आधार क्रमांकच टाकायला लावणारा रकाना असेल आणि तिथे चालत असेल तर सोळा आकडी व्हीआयडी, म्हणजे आधारऐवजी चालणारा बदली क्रमांक, वापरा. तो हवा तेव्हा बदलता येतो, आधार क्रमांक जन्मभर तोच राहतो. मे २०२२ मध्ये युआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा, असं पत्रक काढलं होतं. त्यावरून गदारोळ झाला आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. पत्रक मागे गेलं, सल्ला योग्यच होता.

मग तिथेच बायोमेट्रिक लॉक करा. आधाराला जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, खेड्यात ती फार उपयोगाची सोय आहे. पण नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे रबरी साचे करून खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात घडलेली आहेत. पुण्यात घर घेतलेला किंवा भाड्याने दिलेला प्रत्येक माणूस दस्तावर अंगठा देऊन बसलेला आहे. लॉक केलं की ठसा कितीही हुबेहूब असला तरी चालत नाही. स्वतःला लागेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं. तिथेच मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं याची यादीही दिसते. ती बघताना माझ्या भावाला एक सिमकार्डवाला सापडला, ज्याने एकाच दिवशी दोनदा अंगठा घेतला होता. "पहिला नीट उठला नाही काका," हे वाक्य त्या दुकानात त्याने ऐकलं होतं.

त्यामुळे लगेच दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते बघा. आपल्याकडे एका माणसाला नऊपर्यंत चालतात. ओळखीचा नसलेला क्रमांक दिसला तर 'माझा नंबर नाही' म्हणून तिथेच कळवता येतं. भावाच्या नावावर खरंच एक जास्तीचा निघाला.

शेवटी कर्जाचा अहवाल. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडे मागा, म्हणजे वर्षभर नजर राहते. मात्र तो त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. 'फुकट स्कोअर' दाखवणाऱ्या तिसऱ्याच अ‍ॅपवर गेलात, की वहीत आणखी एक ओळ वाढली म्हणून समजा.

तिसरा रविवार: फोन, आणि काउंटरवरचं 'कशाला?'

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' आणि त्यात 'परमिशन मॅनेजर' उघडा. एकेक अ‍ॅप घेऊन बसू नका, उलट्या बाजूने जा: 'कॉन्टॅक्ट्स' दाबा आणि ते कुणाकुणाकडे आहेत ते बघा. मग 'लोकेशन', मग 'मायक्रोफोन'. माझ्याकडे टॉर्चच्या एका अ‍ॅपला सगळे कॉन्टॅक्ट्स दिलेले होते. उजेड पाडायला माझ्या साडूचा नंबर कशाला लागतो?

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबाबत हा प्रश्न विचारायचीही गरज नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की अशा अ‍ॅपने तुमचे कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो यांना हातच लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त खातं उघडताना एकदा, तेही विचारून. वसुलीसाठी सगळ्या नातेवाइकांना बदनामीचे मेसेज पाठवण्याचे प्रकार याच कॉन्टॅक्ट्सच्या जोरावर चालत. म्हणून कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले, की तेवढ्यावरूनच ते अ‍ॅप काढून टाका.

दुकानातला प्रश्न जास्त नाजूक असतो, कारण समोर माणूस असतो. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेतली, बिलाच्या वेळी मुलगी विचारते, "मोबाइल नंबर?" आणि मागे रांग असते. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे वाक्य काउंटरवर ऐकवू नका, त्या मुलीच्या हातात काही नसतं. नुसतं म्हणा, "नंबर नको, कागदी बिल द्या." दहापैकी आठ वेळा ती मुकाट्याने दहा वेळा शून्य किंवा नऊ दाबते. त्यांनाही रोज करावं लागतं ते. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

औषधांच्या दुकानात मी नंबर देतो, कारण पावती फोनवर राहिलेली मला बरी पडते. तिथे कायदा काय म्हणतो ते गमतीचं आहे. आपल्या डेटा संरक्षण कायद्यात औषध दुकानाचंच उदाहरण घातलेलं आहे: गिऱ्हाइकाने आपणहून नंबर देऊन पावती पाठवायला सांगितलं, तर दुकानाने तो नंबर पावतीसाठी वापरावा. म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या घेतल्यावर तिसऱ्या दिवशी शुगरफ्री लाडवांची जाहिरात यावी, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

मधे थोडा कायदा

नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, आधारच्या निकालात बँक खातं आणि सिमकार्ड यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. मग मसुद्यांची बरीच ये-जा झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. नियमांतही टप्पे आहेत: तक्रारी ऐकणारं डेटा संरक्षण मंडळ लगेच, आपल्या वतीने संमती देण्याघेण्याचं काम बघणारे 'संमती व्यवस्थापक' एका वर्षाने, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. ज्याची माहिती तो 'डेटा प्रिन्सिपल', म्हणजे तुम्ही. जो ती गोळा करून कशासाठी वापरायची ते ठरवतो, तो 'डेटा फिड्युशिअरी'. त्याने आधी नोटीस द्यायची: कोणती माहिती, कशासाठी, तक्रार कुठे. ही नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीतसुद्धा. संमती लागेल तेवढ्याच माहितीपुरती. इथेही कायद्याचं उदाहरण बोलकं आहे: डॉक्टरशी बोलण्याच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले आणि तुम्ही 'हो' दाबलंत, तरी ते 'हो' कॉन्टॅक्ट्सपुरतं धरलं जाणार नाही, कारण सल्ल्यासाठी त्यांची गरजच नाही. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आपली काय माहिती आहे, कुणाला दिली, हे विचारता येईल. चूक असेल तर दुरुस्त करून घेता येईल, काम संपलं असेल तर पुसायला सांगता येईल. आपल्यामागे हे हक्क कुणी वापरायचे, त्याचं नाव नोंदवायचीही सोय आहे. घरात वयस्कर माणसं असतील तर हे लक्षात ठेवा.

सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आकडा वाचून हुरळू नका. तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून दमडी मिळत नाही. आजवर नुकसानभरपाईची वाट आयटी कायद्यात होती, त्यातलं कलम ४३ अ हे निष्काळजीपणे संवेदनशील माहिती सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पुण्यातल्या एका उद्योजकाच्या खात्यातून फिशिंगने, म्हणजे फसव्या ईमेलच्या जाळ्याने, ऐंशी लाखांच्या आसपास रक्कम गेली होती, तेव्हा २०१३ मध्ये राज्याच्या आयटी सचिवांनी आयटी कायद्याखालच्या सुनावणीत बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले होते. नवा कायदा पूर्ण लागू होताना ४३ अ वगळलं जाणार आहे. मला हा या कायद्यातला सगळ्यात खटकणारा भाग वाटतो. शिवाय खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड, सरकारला हवी तेव्हा बरीच सूट, आणि वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणाऱ्या माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे)मध्ये केलेला बदल, जो मात्र अठरा महिने न थांबता लगेच लागू झाला. माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांनी फाइलींवरची धूळ झटकलेल्या या शहरात त्यावर आणखी चर्चा व्हायला हवी होती.

आता वहीतल्या चौथ्या रकान्याकडे या. हा कायदा फक्त डिजिटल माहितीला, किंवा कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीला लागू आहे. निव्वळ कागदावर राहिलेली माहिती त्याच्या बाहेर. म्हणून 'मोबाइल' लिहिलेल्या ओळींना पत्र पाठवायचं, आणि 'कागद' लिहिलेल्या ओळींसाठी चप्पल घालून स्वतः जायचं.

चौथा रविवार: पत्र

मी पाठवलेलं पत्र जसंच्या तसं देतो. कंपनीच्या संकेतस्थळाच्या तळाशी 'प्रायव्हसी पॉलिसी'मध्ये तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे पाठवा.

"महोदय/महोदया, मी अमुक महिन्यात आपल्याकडून अमुक सेवा घेतली होती. तेव्हा हा मोबाइल क्रमांक दिला होता. कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. एक, माझी कोणकोणती माहिती आपल्याकडे आहे. दोन, ती कशासाठी वापरली जाते आणि कुणाकुणाला दिली आहे. ती सेवा आता मी घेत नाही. त्यामुळे कायद्याने जेवढी ठेवणं आपल्याला बंधनकारक आहे तेवढी वगळून बाकी माहिती काढून टाकावी आणि तसं लेखी कळवावं. जाहिरातीसाठी दिलेली संमती, मी दिली असल्यास, या पत्राने मागे घेत आहे."

इतकंच. कलमांचे आकडे घालू नका, त्यांच्या कायदा विभागाकडे गेलं की पत्र तिथेच मुरतं. साध्या भाषेतलं पत्र ग्राहक सेवेतल्या माणसाच्या टेबलावर पडतं आणि तो ते निकालात काढतो. ओळख पटवायला आधार मागितलं तर देऊ नका. ज्या नंबरबद्दल विचारताय त्याच नंबरवर ओटीपी पाठवा म्हणावं. माहिती पुसून घेण्यासाठी आणखी माहिती द्यायची, हा काय प्रकार?

मी अशी एकोणीस पत्रं पाठवली. सात ठिकाणांहून नीट उत्तर आलं, पाच ठिकाणी नुसती पोच, बाकी अजून गप्प. पोच जपून ठेवा. डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्याआधी कंपनीकडे तक्रार केलेली असावी लागते, आणि नियमांप्रमाणे कंपनीला उत्तरासाठी जास्तीत जास्त ९० दिवस मिळतील. मंडळाच्या निकालावर अपील टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचार वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे.

घर शोधणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद, कारण पुण्यात जून-जुलैत अर्धं तरुण गाव तेच करत असतं. हिंजवडीला नोकरी लागलेला मुलगा एका ब्रोकरला मेसेज करतो, आणि दोन दिवसांत त्याला वाकडपासून वाघोलीपर्यंतचे ब्रोकर फोन करू लागतात. कायद्यात चक्क या ब्रोकरचंही उदाहरण आहे: भाड्याने घर बघून द्या म्हणून कुणी माहिती दिली, नंतर 'आता गरज नाही' असं कळवलं, की ब्रोकरने ती वापरणं थांबवायचं. तेव्हा घर मिळालं की ज्या ज्या ब्रोकरला लिहिलं होतं त्या प्रत्येकाला त्याच चॅटमध्ये एक ओळ टाका: "घर मिळालं. माझा नंबर आणि कागदपत्रं काढून टाका, पुढे देऊ नका." आणि घर बघायच्या आधीच आधार, पगाराची स्लिप, कंपनीचं ओळखपत्र मागणाऱ्याला काहीच देऊ नका. कागदपत्रं कराराच्या वेळी, मालकाच्या समोर.

सोसायटी

इथवर दुसऱ्यांकडे बोट दाखवून झालं. मी चौसष्ट सदनिकांच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे मीच एक गोळा करणारा.

माझी चूक आधी सांगतो. थकबाकीची एक्सेल फाइल मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा फोन आला, "काका, खाली दुसरं पान आहे ते बघितलंत का?" दुसऱ्या पानावर आधीच्या सेक्रेटरींनी केलेली भाडेकरूंची यादी होती: नावं, मूळ गावं, आधार क्रमांक. एकशे दहा लोकांच्या ग्रुपवर. काढून टाकली, पण तोवर किती जणांच्या फोनमध्ये उतरली होती ते देव जाणे. तेव्हापासून फाइल पाठवायची तर पीडीएफ करून, आणि पाठवण्याआधी स्वतःला एकदा पाठवून, उघडून बघून.

तुम्ही कमिटीवर असाल तर आधी कपाट उघडा. सहकार कायद्याप्रमाणे सभासदांचं 'आय' नमुन्यातलं रजिस्टर आणि 'जे' नमुन्यातली यादी सोसायटीला ठेवावीच लागते, त्याला हात लावू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती घरमालकाने ऑनलाइन द्यावी आणि सोसायटीला फक्त त्याची पोच दाखवावी. आधारची झेरॉक्स सोसायटीच्या कपाटात ठेवायचं मला तरी एकही कारण सापडलं नाही. चेअरमन म्हणाले, "असू दे, कधी लागली तर?" बारा वर्षांत ती एकदाही लागली नव्हती.

मग गेटचं अ‍ॅप. इथे सोसायटी आणि कंपनी दोघांचाही हात असतो, म्हणून करारात काय आहे ते वाचा. आम्ही कंपनीला हे विचारलं: पाहुण्यांचे फोटो किती दिवस राहतात? नंबर जाहिरातीसाठी वापरता का? करार संपला तर आमचा डेटा कधी पुसता? उत्तरं यायला तीन आठवडे आणि चार फोन लागले, पण पाहुण्यांची नोंद तीस दिवसांनी पुसायचं सेटिंग त्या अ‍ॅपमध्ये आधीपासून होतं असं कळलं. कुणी लावलंच नव्हतं. पाहुण्याला नाव, सदनिका आणि वेळ एवढंच विचारायचं ठरवलं. डिलिव्हरीच्या मुलाचा फोटो काढणं बंद केलं, त्याच्याकडे कंपनीचं नाव असलेली पेटी असतेच.

सीसीटीव्हीचा पडदा वॉचमनच्या खोलीत होता, जिथे दुपारी आसपासचे ड्रायव्हर चहाला बसत. तो ऑफिसात हलवला. चित्रीकरण कुणाला हवं असेल तर लेखी अर्ज, दोन पदाधिकाऱ्यांसमोर बघायचं, आणि मोबाइलवर पडद्याचं शूटिंग करून ग्रुपवर टाकायचं नाही. हा शेवटचा मुद्दा सर्वसाधारण सभेत पाऊण तास चालला, कारण कुणाच्या कुत्र्याने कुठे काय केलं त्याचा पुरावा मग कसा द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला.

लहान मुलांचं वेगळं आहे. कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी असेल. सोसायटीत एवढंच पाळा: बालदिनाचे फोटो सोसायटीच्या फेसबुक पानावर टाकताना नाव, इयत्ता आणि शाळा लिहू नका.

माहिती फुटलीच तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग सायबरक्राइमच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार, मग बँक. क्रम हाच, कारण पहिल्या काही तासांत पैसे मधल्या खात्यांत अडवता येतात. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे तुमच्यावर भुर्दंड येत नाही. त्यामुळे कळवल्याची वेळ लिहून ठेवा आणि तक्रार क्रमांक घ्या. पुणे पोलिसांच्या सायबर ठाण्यात जाताना बँकेचं विवरण आणि मेसेजचे स्क्रीनशॉट छापून न्या. (छापताना पेन ड्राइव्हवरून छापा, झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.) पैसे गेले नसतील, नुसती माहिती फुटल्याची बातमी असेल, तर पासवर्ड बदलून आणि दुसऱ्या रविवारचा सगळा पाठ पुन्हा करून गप्प बसा. नवे नियम लागू झाले की कंपनीने तुम्हाला विनाविलंब कळवायचं आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा आहे.

कागद नष्ट करायची घरगुती रीत

कपाटातून निघालेला आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा साडेतीन किलो भरला. रद्दीवाल्याला द्यायचा नाही हे ठरलेलं होतं, कारण शेंगदाण्याच्या पुडीवर लोकांचे अर्ज मी स्वतः वाचलेले आहेत. नुसतं उभं-आडवं फाडून भागत नाही, जोडता येतं. आम्ही फाडलेले कागद दोन बादल्यांत पाणी घालून दोन दिवस भिजवले, हाताने कुस्करून लगदा केला आणि तो खताच्या खड्ड्यात घातला. पिना मात्र आधी काढा.

फाडायला गच्चीवर आम्ही तिघे बसलो होतो. आमच्याकडे पंधरा वर्षं कामाला असलेल्या मावशी वाळवण काढायला आल्या आणि थांबल्या. कसले कागद, ते विचारलं. मग म्हणाल्या, "आणि गेटवरच्या त्या फोनात माझा फोटो आहे, तो?" अ‍ॅप उघडून त्यांना दाखवलं. कधीतरी काढलेला, डोळे मिटलेला फोटो, शेजारी त्या कोणत्या चार घरी जातात, किती वाजता येतात, किती खाडे झाले, आणि खाली तीन तारे. तारे म्हणजे काय ते सांगावं लागलं. कुणी दिले ते अ‍ॅप सांगत नाही. त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहिलं, वर दिलेलंच, फक्त त्यांच्या नावाने: तारे आणि घरांची यादी काढा, येण्याजाण्याची नोंद तीस दिवसांनी पुसा. अकरा दिवसांनी उत्तर आलं की अशी विनंती सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नोंदणीकृत ईमेलवरूनच यायला हवी. नोंदणीकृत ईमेल आधीच्या सेक्रेटरींचा आहे. ते सध्या मुलाकडे कॅनडात असतात.